वहीचं पहिलं पान, आणि मग बाकीची तयारी

शाळेचा प्रकल्प करून प्रदर्शनाला न्यायचा, तर सगळ्यात आधी वही आणा. शिवलेली, दोनशे पानी. सुटे कागद नकोत, कारण नको असलेला आकडा सुट्या कागदावरून कसा गायब होतो ते कळतही नाही. पेन्सिल नको, खोडरबर तर घरातच राहू दे. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि पहिलं पान भरल्याशिवाय कुठल्याही सामानाला हात लावायचा नाही. त्या पानावर तारीख आणि तीन ओळी: मी नेमकं काय विचारतोय, मला काय होईल असं वाटतं, आणि काय दिसलं तर मी चुकलो म्हणून कबूल करीन. तिसऱ्या ओळीला पोरं फार कुरकुरतात. खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर विज्ञान-गणित शिकवून मी निवृत्त झालो, आता संध्याकाळी बेळगावच्या वडगावात घरीच पोरं येतात. सांगितल्याबरोबर तिसरी ओळ लिहिली अशी पोरं एवढ्या वर्षांत बोटावर मोजण्याइतकी.

पहिल्या ओळीत प्रश्न हवा, विषय नको. 'माती आणि पाणी' हा विषय झाला, त्यावर निबंध लिहितात. 'तांबड्या मातीतून पाणी लवकर उतरतं की काळ्या?' हा प्रश्न. आपल्या बेळगाव जिल्ह्यात त्यासाठी लांब जायला नको. खानापूर-जांबोटीकडे जांभ्याची तांबडी माती, बैलहोंगल-अथणीकडे काळी. सामान म्हणाल तर लिटरच्या दोन सारख्या बाटल्या, बूड कापून उलट्या टांगलेल्या, तोंडाला एकाच जुन्या धोतराचे दोन तुकडे. प्रत्येकीत अर्धा किलो माती, वरून २०० मिलिलिटर पाणी, खाली मोजपात्र. पहिला थेंब कधी पडला आणि दहा मिनिटांत किती पाणी जमलं, हे दोन आकडे लिहायचे.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. फसगत होते ती माती आणताना. मागे एका पोरीने तांबडी माती जांबोटीला मामाच्या शेतातून आणली, ऐन जुलैत, पिळली तर पाणी निघेल अशी. काळी माती बैलहोंगलच्या पाहुण्यांकडची, उन्हाळ्यापासून पोत्यात पडलेली. तांबडीतून पाणी भराभर उतरलं, पोरगी खूश. मी विचारलं, ते मातीमुळे की ओलीमुळे? उत्तर पुस्तकाशी जुळत होतं, तरी तिच्या बाटल्यांनी ते सिद्ध केलं नव्हतं. मग दोन्ही माती वाळवायची ठरली, आणि आमच्याकडच्या पावसात जुलैत काय वाळतं? शेवटी लोखंडी तव्यावर भाजून घेतली. काळी माती वाळली की आकसते, तिला भेगा पडतात, आणि पाणी मातीतून न जाता भेगेतून पळतं. म्हणून ढेकळं फोडून दोन्ही माती एकाच चाळणीतून चाळा, बाटलीत भरताना सारखीच ठोका. पिठाची चाळणी घेणार असाल तर आधी आईला विचारा, नाहीतर प्रयोग तिथेच आटोपतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं, आणि प्रत्येक माती निदान तीनदा, दर वेळी नवी भरून. तीन आकडे फार लांब लांब आले तर आधी आपलं काम तपासा, मातीला दोष नंतर.

दिसलं तेच लिहायचं, हे मी स्वतः चुकून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वर्गात पाणी उकळून तापमान मोजलं. पोरांनी वाचलं ९७ आणि थोडं वर. मी म्हटलं, थर्मामीटर खराब आहे, वहीत १०० लिहा. सगळ्यांनी लिहिलं, मी सह्या केल्या. सुट्टीत गोव्याला बहिणीकडे जाताना काय मनात आलं, तोच थर्मामीटर बरोबर घेतला. तिच्या स्वयंपाकघरात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पारा बरोबर १०० च्या रेघेला जाऊन थांबला. थर्मामीटर तोच, मोजणारा तोच, बदललं होतं फक्त ठिकाण. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो, आणि दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. पोरांचं बरोबर होतं. म्हणून यादीत हे घाला: वाचन घेणारा एक आणि लिहिणारा दुसरा, आणि लिहिणाऱ्याला पुस्तकातलं उत्तर माहीत नसेल तर फारच उत्तम. थर्मामीटरचा फुगा भांड्याच्या बुडाला टेकवू नका.

लंबकाचं थोडक्यात सांगतो. एक मीटर दोरीला दगड बांधला की एक आंदोलन जवळजवळ दोन सेकंदांचं. बोट दाबण्यात सेकंदाचा पाचवा भाग सहज इकडेतिकडे होतो, म्हणजे एकच आंदोलन मोजलं तर दहा टक्के चूक. वीस मोजून विसाने भागा, चूक अर्ध्या टक्क्यावर येते. लांबी गाठीपासून दगडाच्या मध्यापर्यंत धरायची, दोरीच्या शेवटापर्यंत नव्हे.

आता माझा लाडका प्रयोग, भूगोल आणि गणित दोन्हींचा: काठीच्या सावलीवरून आपल्या गावाचा अक्षांश काढायचा. दिवस २१ मार्च किंवा २३ सप्टेंबर, कारण तेव्हा सूर्य विषुववृत्तावर असतो. सप्टेंबरात ढगांचा भरवसा नाही, आणि मार्चअखेर दहावीवाल्यांची परीक्षा, तेव्हा आठवी-नववीच्या पोरांनीच मार्च धरावा. एक मीटरची सरळ काठी, गवंड्याकडचा ओळंबा, सपाट जमीन, चुना आणि टेप. काठी ओळंब्याने अगदी उभी करा. टोकाची सावली पुसट पडते, म्हणून काठीच्या माथ्यावर बारीक भोक पाडलेला पुठ्ठा बसवा आणि भोक जमिनीपासून बरोबर एक मीटरवर आणा. जमिनीवर उजेडाचा गोल ठिपका पडतो, त्याचा मध्य धरायचा, काठीच्या बुडापासून तिथपर्यंतचं अंतर हीच सावली. सव्वाबारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी चुन्याची खूण. पोरं बाराच्या ठोक्याला खूण करून घरी पळतात, आणि तिथेच प्रयोग हुकतो. घड्याळातले बारा आणि डोक्यावरचे बारा वेगळे. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं, बेळगाव सुमारे ७४.५ वर. आठ अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे बत्तीस मिनिटं उशीर. शिवाय पृथ्वीची सूर्याभोवतीची चाल वर्षभर सारखी नसते आणि तिचा आस कललेला, त्यामुळे मार्चमध्ये सूर्य आणखी सातेक मिनिटं मागे असतो. म्हणून मार्चमध्ये सगळ्यात आखूड सावली साडेबारा उलटून आठ-नऊ मिनिटांनी पडते. ती सुमारे २८ सेंटिमीटर भरली पाहिजे. सावलीला काठीच्या उंचीने भागा, स्पर्शज्येच्या (टॅन) कोष्टकात कोन बघा, पावणेसोळा-सोळा अंश मिळेल. हाच बेळगावचा अक्षांश.

पहिल्या पानावरची तिसरी ओळ इथे कामाला येते. किती चूक चालेल ते आधी ठरवा. सावली मोजताना एक सेंटिमीटर जास्त धरलं तर अक्षांश अर्ध्या अंशाने वाढतो, म्हणजे साठेक किलोमीटर उत्तरेला, बेळगाव निपाणीच्या ओळीला जाऊन बसतं. दीडेक सेंटिमीटर चुकलं की थेट कोल्हापूर. सीमाप्रश्न फुटपट्टीने सुटला म्हणायचा!

संभाव्यता शिकताना फासे-नाण्यांचा कंटाळा आला असेल तर कुंदा आणा, आपली बेळगावची दुधाची मिठाई. घरोघरी एखादे काका असतातच, 'कुंदा तोंडात टाकला की दुकान सांगतो' म्हणणारे. दोन दुकानांचा कुंदा आणा, आठ सारख्या वाट्या, चार एका दुकानाच्या, चार दुसऱ्याच्या, बुडाला आकडे. वाट्या भरणारा निराळा, पुढे करणारा निराळा, आणि पुढे करणाऱ्याला कुठली कुणाची ते ठाऊक नको. माहीत असलं की चेहरा बोलतो. क्रम चिठ्ठ्या टाकून काढा. रंगावरून ओळखू नये म्हणून डोळ्यांवर रुमाल, मध्ये मध्ये घोटभर पाणी. काकांना सांगायचं, चार-चार आहेत, पहिल्या दुकानाच्या चार वेगळ्या काढा. आठातून चार निवडायचे ७० प्रकार, म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळं बरोबर यायची शक्यता सत्तरात एक. पण एखादीच अदलाबदल झाली, आठांतल्या सहा वाट्या बरोबर लागल्या, असे प्रकार सोळा. दोन्ही धरले तर सत्तरात सतरा, म्हणजे जवळपास चारातून एकदा कुणालाही जमेल. तेव्हा 'सहा बरोबर म्हणजे काका जिंकले' असं चाखून झाल्यावर ठरवू नका, आणि काकांनाही ठरवू देऊ नका. इंग्लंडात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने हीच युक्ती चहाच्या आठ कपांवर मांडली होती. दूध आधी ओतलं की चहा, ते चवीवरून कळतं असं एका बाईंचं म्हणणं होतं. आमच्याकडे काका हरले आणि उरलेला कुंदा रागाने एकट्यांनी संपवला.

गणिताच्या शाब्दिक उदाहरणालाही तेच पहिलं पान लागतं, फक्त छोटं. काय दिलंय, काय काढायचंय, आणि उत्तर अंदाजे किती यावं. शेत १३२ फूट लांब, ८२.५ फूट रुंद, किती गुंठे? आकडेमोडीआधी डोळ्यांसमोर शेत आणा. गुंठा म्हणजे ३३ फुटांचा चौरस. लांबीत असे चार, रुंदीत अडीच, झाले दहा गुंठे, पाव एकर. १०८९ ने भागाकार नंतर करा, पडताळ्यासाठी. अंदाज आधी लिहिलेला असला की दशांशचिन्ह घसरून शंभर गुंठे आले तरी लगेच खटकतं.

इतिहासाला प्रयोगशाळा नाही, पण चाळणी आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष होते, आणि ते अध्यक्ष असलेलं हे एकच अधिवेशन. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्या वेळची. यावर प्रकल्प करताना वहीत दोन रकाने: छापील काय सांगतं, आणि घरी काय सांगतात. प्रत्येक नोंदीपुढे सांगणारा तिथे होता का आणि त्याने ते कधी सांगितलं, हे लिहा. 'आमच्या आजोबांनी मंडपात गांधीजींना पाहिलं' असं एकाने लिहून आणलं होतं. आजोबांचा जन्म १९३१ चा. त्याला नुसती वजाबाकी करायला लावली. पणजोबांचं ऐकलेलं आजोबांनी आपलंसं केलं असणार, तीही नोंद टाकून द्यायची नाही, योग्य रकान्यात ठेवायची.

शब्दांची तयारी आपल्या पोरांना दुप्पट लागते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान इंग्रजीत, प्रदर्शनाला परीक्षक बहुतेक कन्नड. वहीच्या मागच्या पानापासून तीन रकाने आखा आणि प्रत्येक संज्ञा तिन्ही भाषांत लिहा, इंग्रजी शब्द उच्चारासकट. मराठीत त्वरण, कन्नडात वेगोत्कर्ष. मराठीत आम्लारी, कन्नडात प्रत्याम्ल. वेग दोन्हीकडे वेगच, पण मराठीतली चाल म्हणजे कन्नडात जव, आणि जव म्हटलं की आपल्याला धान्य आठवतं. मातीच्या प्रकल्पाचा प्रश्न तरी कन्नडात तोंडपाठ हवा: 'याव मण्णिनल्लि नीरु बेग इळियुत्तदे?' एवढं म्हटलं की समोरचा खुलतो, पुढचं मराठी-कन्नड मिसळून चालतं. कोल्हापूरहून मावशीने पाठवलेलं गाइड मात्र बाजूला ठेवा, तो अभ्यासक्रम आपल्या एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, नव्हे. आणि विज्ञानाच्या शंभरातले वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, तेव्हा ही वही फुकट जात नाही.

सुरक्षेचं दोन वाक्यांत. आम्ल पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, आणि शेजारी मोठं माणूस हवं. घरातल्या प्लगचा करंट कुठल्याही मॉडेलला नको, कोरडे सेल वापरा.

राहिला प्रदर्शनाचा दिवस. आदल्या रात्री पिशवी भरा: जादा सेल, सेलोटेप, कात्री, सुतळी, फडकं, मार्कर, पाण्याची स्वतःची बाटली, कारण तिथला नळ नेमका त्याच दिवशी कोरडा असतो. तक्ता गुंडाळून वर प्लास्टिक. मूळ वही बरोबर असायलाच हवी, सुंदर अक्षरात उतरवलेली प्रत नव्हे. खाडाखोड बघून परीक्षक जास्त प्रश्न विचारतात आणि ते चांगलंच असतं. मातीच्या पिशव्यांवर बाहेरून नाव लिहिलं तर शाई पावसात जाते, म्हणून चिठ्ठी आत टाका, बारक्या प्लास्टिकमध्ये. काचेचं सामान दप्तराच्या मधोमध, आणि बसमध्ये दप्तर मांडीवर. थर्मामीटर लोकरी मोज्यात घालून वर रबर लावा. माझा तसाच चोर्ला घाट उतरून गोव्याला गेला आणि तसाच परत आला.