मोकोलाची टोपली विणताना या चुका टाळा

मोकोला ताडाच्या पाती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नका. बोत्स्वानाच्या राजधानीत, गॅबोरोनमध्ये, शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे सांगावं लागतं, कारण भिजलेली पात मऊ होते, हवी तशी वळते आणि टाके भराभर पडतात. पण ताडाची पात पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते.

एकीने प्रदर्शनासाठी झाकणाची मोठी टोपली घेतली होती. मुदत जवळ आलेली, म्हणून पाती बादलीत भिजत घालायची आणि सकाळी विणायला बसायची. टोपली उतरली तेव्हा सगळ्यांनी वाखाणली. आठवडाभरात ती वाळली आणि प्रत्येक टाका सैल पडला. दोन वेढ्यांच्या फटीतून, ज्यावर पात गुंडाळत जातो ते आतलं गवत दिसायला लागलं, आणि तोंडावर बसणारं झाकण आत घसरायला लागलं. अशी वीण नंतर आवळता येत नाही. तळापर्यंत उसवावी लागली, आणि उसवलेल्या पाती वळणावर चिरल्यामुळे नवीन घ्याव्या लागल्या.

मी पात वाटीतल्या पाण्यातून एकदा ओढते, चिमटीत निपटते आणि लगेच टाका घालते. ती वाळत आली की पुन्हा ओली करायची. वेळ लागतो, लागू द्या. बोत्स्वानाच्या वायव्येकडच्या एन्गामीलँडमधल्या हाम्बुकुशु आणि बायेई जमातींच्या बायकांची वीण इतकी घट्ट असायची की टोपलीत ज्वारीची बिअर ठेवत. टाके उरकणाऱ्याच्या हातून तसली वीण होत नाही.

दुसरी चूक रंगाची, आणि हिचा मला खरंच राग येतो. बाजारातल्या पुडीचा रंग दहा मिनिटांत चढतो, म्हणून लोक तो आणतात. मग विणताना पात ओली केली की तो शेजारच्या पांढुरक्या टाक्यांवर उतरतो आणि सगळी नक्षी मळकट होते. तपकिरी रंगासाठी मोत्लाकोला झाडाच्या मुळांची साल, तांबूस छटेसाठी मोत्सेन्त्सिला झाडाची साल. पाती त्या सालीबरोबरच काही तास उकळायच्या. मी पातेलं उतरवून पाती त्याच पाण्यात गार होऊ देते, मगच सावलीत वाळवते. मूळ खणताना मात्र बाजूचं एखादंच घ्या आणि माती परत लोटा. टोपल्यांना बाहेरून मागणी वाढली तशी गावांजवळची रंगाची झाडं विरळ झाली, आणि साल आणायला बायकांना लांब चालत जावं लागायला लागलं.

ताडाचंही तेच. न उमललेला कोवळा झाप हवा असतो, पण म्हणून खोडाचा शेंडाच छाटू नका. शेंडा गेला की ते खोड संपलं.

आरी बोथट असेल तर आधी घासून घ्या. बोथट टोकाने खालचा वेढा फाटतो.

गाभ्यातलं गवत संपत आल्यावर एकदम मूठभर भरू नका, तिथे गाठ येते. चार-चार काड्या सरकवत राहा.

नक्षीची घाई नवशिक्यांना फारच. पहिल्याच टोपलीत ‘जिराफाचे अश्रू’ नावाची नक्षी हवी असते. घेर वाढतो तसे टाके वाढतात आणि नक्षीचे भाग सारखे राहिले नाहीत तर ती एका बाजूला झुकते. आधी एक बिननक्षीचं सपाट सूप करा. एत्शामध्ये, म्हणजे १९६०च्या दशकाच्या अखेरीस अंगोलातल्या युद्धातून आलेल्या हाम्बुकुशुंनी वसवलेल्या, एक ते तेरा आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गावांत, मुली आईशेजारी बसून छोट्या टोपल्यांवरच हात बसवतात. माझ्याकडे सूप पूर्ण केल्याशिवाय रंगीत पात मिळत नाही.

तयार टोपली थेट उन्हात ठेवू नका, रंग उडतो. धुऊ तर नकाच, कोरड्या ब्रशने झटका.