शिंगराचा बाप कोण माहीत नाही, मग पासपोर्ट कसा काढायचा?

सेलमधून घोडी आणली तेव्हा पोट जरा सुटल्यासारखं वाटलं होतं, म्हटलं गवत अंगी लागलंय, आणि १० मेला सकाळी बादली घेऊन पॅडॉकवर गेले तर एकाच्या जागी दोघं उभे. आईचे कागद चोख, वेल्श कॉब जातीची, सेक्शन डी (त्या जातीचा नोंदणी-विभाग). बापाचा पत्ताच नाही. आता कागद कसे होणार म्हणून यार्डावर चार जणांना विचारलं तर चार उत्तरं मिळाली, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू. हे सगळं इंग्लंडमधलं आहे हं, स्कॉटलंड-वेल्सचे नियम वेगळे काढलेत, ते तिकडे बघा.

आधी डोक्यात दोन खण करा. पासपोर्ट म्हणजे घोड्याचं ओळखपत्र, ब्रीड रजिस्ट्रेशन म्हणजे खानदान, जातीच्या वहीतली नोंद. ओळखपत्र कायद्याने काढावंच लागतं, खानदान तुमच्या हौसेवर. बाप माहीत नसला तरी ओळखपत्राचं काही अडत नाही, फॉर्मवर सायरच्या, म्हणजे बापाच्या, रकान्यात सरळ 'अननोन' लिहायचं. लोकांना ते लिहायची का कोण जाणे लाज वाटते, मग शेजारच्या फार्मवरच्या देखण्या स्टॅलियनचं (खच्ची न केलेल्या घोड्याचं) नाव अंदाजाने ठोकून देतात. हे अजिबात करू नका. उद्या कुणी डीएनए केला की खोटं उघडं पडतं, आणि विकताना घेणाऱ्याला तुम्ही चुकीचं सांगितलं असा अर्थ होतो तो वेगळाच.

मुदत अशी, की जन्माच्या वर्षाची ३१ डिसेंबर किंवा जन्मापासून सहा महिने, यातलं जे नंतर येईल ते. मेमधलं शिंगरू असेल तर ३१ डिसेंबर, ऑक्टोबरमधलं असेल तर पुढचा एप्रिल. पण डिसेंबरची वाट बघू नका, तेव्हा सगळ्यांनाच एकदम आठवण होते. अर्ज उशिरा गेला तर पासपोर्ट मिळतो, पण त्यावर हा प्राणी माणसाच्या खाण्यासाठी कधीच वापरता येणार नाही असा कायमचा शिक्का बसतो. बऱ्याच जणांना त्याचं काही वाटत नाही, मलाही नाही, उलट दुखण्यावर ब्यूट (घोड्यांचं वेदनाशामक औषध) द्यायची वेळ आली तर तशी नोंद असावीच लागते. पण ती नोंद आपण ठरवून करणं वेगळं आणि आळसापायी लादून घेणं वेगळं, कारण ती परत फिरवता येत नाही. आणि पासपोर्टच नसेल तर दंड होऊ शकतो, त्याला वरची मर्यादा नाही.

आता बाप शोधायचा की नाही हा तुमचा प्रश्न, पण थोडी डिटेक्टिव्हगिरी फुकटात होते. घोडी साधारण ३४० दिवस गाभण असते, त्यामुळे जन्मतारखेत २५ दिवस मिळवा आणि एक वर्ष मागे जा. माझ्या १० मेचं आलं आदल्या वर्षीचं ४ जून. मागेपुढे वीसेक दिवस धरा, म्हणजे मे मध्य ते जून अखेर, आणि तेव्हा घोडी कुठे होती, सोबत कोण होतं ते आधीच्या मालकाला विचारा. 'आमच्याकडे स्टॅलियन नव्हताच' असं उत्तर येईल. तिथे थांबू नका, वर्ष-दीड वर्षाचं पोरगं होतं का विचारा, नुकताच खच्ची केलेला कुणी होता का विचारा, कारण खच्ची केल्यावरही काही आठवडे प्रताप दाखवता येतो.

रंगही बोलतो. ग्रे म्हणजे वयाबरोबर पांढरा होत जाणारा, चेस्टनट म्हणजे तांबूस, बे म्हणजे तपकिरी अंग आणि काळी आयाळ. शिंगरू ग्रे होणार असेल आणि आई ग्रे नसेल तर बाप ग्रेच, दुसरा पर्याय नाही. आई चेस्टनट आणि पोर बे, तर बाप चेस्टनट नव्हता. मात्र ग्रे शिंगरू जन्मतः ग्रे नसतं, दुसऱ्याच रंगाचं असतं, डोळ्याभोवती पांढरे केस चष्म्यासारखे दिसतात का ते उजेडात नेऊन बघा. आमच्याकडे मी महिनाभर बे बे करत होते आणि हा चष्मा एके दिवशी ब्रश करताना दिसला, आई ग्रे नाही, म्हणजे संशयितांच्या यादीतले दोन चेस्टनट आणि एक बे तिथेच बाद.

संशयित सापडला तर डीएनए. आयाळीचे किंवा शेपटीचे मुळासकट उपटलेले तीसेक केस लागतात, कापलेले चालत नाहीत, आणि शिंगराचे केस बारीक म्हणून जरा जास्तच घ्या. लॅबला पोर आणि आई यांच्यासोबत संशयिताचाही नमुना लागतो, म्हणजे त्याच्या मालकाची परवानगी आली, आणि कधी कधी गाडी तिथेच अडते. ब्रीडचे टक्के सांगणाऱ्या टेस्ट मिळतात त्या मौज म्हणून करा, त्याच्यावर कुठलंही स्टडबुक (जातीची वंशनोंद वही) दार उघडत नाही.

खानदानाचं म्हणाल तर आई थरोब्रेड (रेसच्या घोड्यांची जात) असेल तर विसरा, बापाशिवाय त्यांच्या जनरल स्टडबुकमध्ये जागा नाही. इतरांकडे मात्र मिश्र रक्तासाठी वेगळे कोपरे असतात. वेल्श पोनी अँड कॉब सोसायटीच्या पार्ट-ब्रेड रजिस्टरला नोंदणीकृत वेल्श रक्त किमान १२.५ टक्के लागतं, आई पूर्ण वेल्श असली की तिच्याकडूनच ५० येतं. अर्ज भरण्याआधी फोन करून अननोन सायर चालतो का आणि नमुने काय लागतील हे विचारून घ्या. रंगावर नोंद घेणाऱ्या सोसायट्याही आहेत, पोर ठिपकेदार-अबलख निघालं तर तिकडे बघा. आणि हो, घोडी तुमच्या नावावर झालीये ना? मालक बदलल्यावर ३० दिवसांत कळवायचं असतं, आणि मी ते 'करू करू' म्हणत ठेवलं होतं. शिंगराचा अर्ज त्यामुळे परत आला, म्हणजे बाप अननोन असून अडलं नाही आणि आईपायी अडलं.

खानदान नको असेल तर सरकारमान्य पासपोर्ट देणाऱ्या संस्थांची यादी गव्हर्न्मेंटच्या साइटवर असते, सगळे त्यांना पीआयओ म्हणतात. त्यातली नुसता आयडी पासपोर्ट देणारी निवडा.

मग व्हेट. ओळखीची मायक्रोचिप व्हेटनेच बसवायची, मानेच्या डाव्या बाजूला, डोक्याची मागची गाठ आणि खांद्यावरचा उंचवटा यांच्या मधोमध. आधी स्कॅन करायला सांगा, बसवल्यावर परत स्कॅन करा, आणि १५ आकडे फॉर्मवरच्या स्टिकरशी एकेक करून जुळवा, हे दोघांनी मिळून, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवायचं. त्यानंतर घोड्याच्या कोऱ्या आकृतीवर खुणा काढायच्या. इथे भोवऱ्यांना किंमत आहे. आपल्याकडे भोवऱ्यावरून शुभ-अशुभ ठरवायचे, इथे त्यावरून ओळख ठरते, प्रत्येक भोवरा फुलीने दाखवतात आणि कपाळावर किती, मानेला कुठे हे तपशिलाने लिहितात. एकरंगी पोराच्या बाबतीत तर तेवढंच हातात असतं. नियर म्हणजे डावा, ऑफ म्हणजे उजवा, आणि समोरून बघताना आपला डावा-उजवा हमखास उलटतो. माझ्या फॉर्मवर मागच्या डाव्या पायाचं पांढरं मोजं उजव्या पायाला चढवलं होतं, सही करण्याआधी वाचलं म्हणून सापडलं. शिंगरू आईसोबत असताना, सकाळी, तबेल्यात घेऊन हे उरका. दूध तोडल्यावर ते हातात येत नाही.

पासपोर्ट आला की तीन गोष्टी तपासा: चिपनंबर, आकृतीतले पाय आणि जन्मतारीख. माझ्याकडे आला तेव्हा सायरच्या ओळीत 'अननोन' लिहिलेलं, आणि पोर शेजारच्या कुंपणावरून दुसऱ्याच घोडीच्या बादलीत तोंड घालत होतं.