हातोडा उचलण्याआधी: शेतातल्या यंत्रांच्या बाबतीत या चुका टाळा

शेतात यंत्र बंद पडलं की पाच मिनिटांत माणसं जमतात, आणि जो येतो तो पाना मागतो. मावळच्या भातखाचरांपासून इंदापूरच्या उसापर्यंत जे बिघाड पाहिले, त्यांतले बरेचसे मुळात किरकोळ होते. फुकटात तपासता येण्यासारखं आधी तपासलं नाही, म्हणून ते वाढले.

शिरूरकडच्या एका वस्तीवरची आबांची मोटार घ्या. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली होती, ती बदलून झाली, लाइट आली आणि मोटार सुरू झाली. पण कांद्याला पाणी येईना; पाइपातून करंगळीएवढी धार. आधी विहिरीला दोष दिला. मग पोरगा विहिरीत उतरला, फुटवॉल (पाइपाच्या तळाची झडप) साफ करून वर आला. धार तेवढीच. मग ग्लँडची, म्हणजे पंपाच्या शाफ्टभोवतीची, दोरी बदलली. धार तेवढीच. शेवटी धाकट्या भावाने निष्कर्ष काढला की वरच्या शेजाऱ्याने नवी बोअर घेऊन आपला झरा ओढला, आणि दोन घरांतलं बोलणं बंद झालं. वायरमन दुसऱ्याच कामाला आला होता. तो मोटारीपाशी थांबला, बंद होताना पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आबा, ही उलटी फिरतीये की!" स्टार्टरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि पाणी पाटात धाडकन पडलं. शेजाऱ्याकडे चहाला जायला मात्र आबांना आणखी दोन दिवस लागले.

थ्री फेज मोटारीच्या तीनपैकी कुठल्याही दोन फेज बदलल्या की ती उलटी फिरते. डीपीचं किंवा लाइनचं काम झालं की असं होऊ शकतं. फसवणारी गोष्ट ही की सेंट्रिफ्यूगल पंप (फिरत्या चक्राने पाणी बाहेर फेकणारा) उलटा फिरला तरी पाणी त्याच दिशेने देतो, फक्त फार कमी. म्हणून लाइनचं काम झाल्यावर पहिल्यांदा मोटार लावाल तेव्हा बॉडीवरचा बाण बघा आणि मोटार बंद करताना पंखा कुठल्या बाजूला थांबत येतो ते बघा. वायरी बदलायच्या त्या मेन स्विच पाडून, फ्यूज काढून खिशात ठेवूनच. मोटार नुसती गुणगुणत असेल, फिरत नसेल, तर प्रकरण वेगळं: बहुधा एक फेज गेलेली आहे. तेव्हा 'अजून एकदा बघू' म्हणत बटण दाबत राहिलात तर वाइंडिंग (मोटारीतली तांब्याची गुंडाळी) जळणार.

डिझेल संपल्यावर इंजिन एअर धरतं, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत हवा अडकते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि ऐनवेळी कोणालाच आठवत नाही. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात उभी राहिली, तेव्हापासून या जिल्ह्यात इंजिन खोलणाऱ्या हातांना तोटा नाही. तरीही पुरंदरच्या एका गावात ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरल्यावर सेल (स्टार्टर) मारून मारून बॅटरी उतरवली. मग दहा जणांनी ट्रॅक्टर उताराला लावला. तो चालू न होता थेट ओढ्यात जाऊन थांबला आणि बाहेर काढायला बैलजोडी आणावी लागली. बैलांनी काढलाही.

खरं काम दहा मिनिटांचं आहे. टाकी भरा. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) दट्ट्या हाताने मारत राहा. आधी फेसाळ डिझेल येईल, मग बुडबुडे थांबून सलग धार लागेल. दट्ट्या दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पंपावरही स्क्रू असेल तर तिथेही हेच करा. सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारा आणि मध्ये विश्रांती द्या.

रोटाव्हेटरची (ट्रॅक्टरमागे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) पाती बदलताना डावी-उजवी मिसळतात. दौंडमध्ये एकाने नवी कोरी पाती बसवली आणि रोटाव्हेटर रानात उड्या मारायला लागला. मालक म्हणे, जमीनच कडक झालीये. खाली वाकून पाहिलं तर निम्म्या पात्यांची पाठ जमिनीवर आपटत होती. फिरण्याच्या दिशेला पात्याची धार आधी आली पाहिजे, एवढंच बघायचं. त्यासाठी जुनी पाती एकदम उतरवू नका. एक काढा, त्याच जागी तशीच नवी लावा. आणि खाली हात घालण्याआधी इंजिन बंद, चावी खिशात, रोटाव्हेटरखाली लाकडी ठोकळे. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये.

सुटे भाग आणायला पुण्याच्या नाना पेठेत जाताय? मग जुना भाग पिशवीत टाका. भोरहून एकाने भाच्याला फोनवर बेअरिंगचा नंबर सांगितला: ६२०५. भाच्याने आणलं ६३०५. दोन्हींचं आतलं भोक २५ मिलिमीटर, त्यामुळे शाफ्टवर ते झकास बसलं आणि सगळे खूश झाले. पण ६२०५ बाहेरून ५२ मिलिमीटर असतं, ६३०५ असतं ६२. ते हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंग बसायच्या खाचेत, जाईना म्हणून हातोडा आला, आणि बेअरिंगबरोबर हाउसिंगही गेलं. ऑइल सीलचंही असंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, असे तीन आकडे त्याच्यावर छापलेले असतात. ते पुसून वाचा आणि फोटो काढा.

आता ज्याला कोणी हसू नये अशी चूक. मावळ-मुळशीत चिखलणीला ट्रॅक्टर रुतला की कोणीतरी ओंडका आणतो आणि मागच्या चाकांना साखळीने बांधतो. ओंडका अडकला की चाक फिरायचं थांबतं, पण इंजिनचा जोर कुठेतरी जाणारच. मग चाकाऐवजी ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती फिरतो: पुढची चाकं उचलतात आणि तो चालकासकट मागे पालथा होतो. क्लच दाबायला वेळच मिळत नाही. ओंडका बांधू नका. मागचं अवजार सोडा, चाकांसमोरचा चिखल फावड्याने काढा, फळ्या टाका, जमलं तर मागेच घ्या. नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवा, साखळी खालच्या हुकालाच लावा आणि बघ्यांना साखळीच्या लांबीपेक्षा लांब उभं करा.

राहिला पेट्रोलचा घोळ. टू-स्ट्रोक ग्रासकटरला ऑइल मिसळलेलं पेट्रोल लागतं. फोर-स्ट्रोक पॉवर वीडरला (तण काढणारं यंत्र) साधं, त्याचं ऑइल इंजिनात वेगळं असतं. वीडरमध्ये मिश्रण गेलं तर धूर होईल, प्लग काळा पडेल, टाकी रिकामी करून भागेल. कटरमध्ये साधं पेट्रोल गेलं तर पिस्टन धरतो, म्हणजे जागीच अडकतो, आणि तो खर्च मोठा. प्रमाण त्या यंत्राच्या पुस्तिकेत असतं तेच घ्या. दोन कॅन वेगवेगळ्या रंगांचे ठेवा आणि त्यांच्यावर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात लिहा: 'कटर' आणि 'वीडर'.