सौर प्रकल्पासाठी सीएसआरचा पैसा कसा मिळवावा

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्यानुसार सामाजिक कामावर करायचा खर्च. तुमची संस्था नोंदणीकृत आहे, 12ए आणि 80जी (प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या) हातात आहे, असं धरून चालतो. सीएसआर-1 फॉर्म (सीएसआरची कामं करणाऱ्या संस्थांच्या सरकारी नोंदणीचा) भरला नसेल तर आधी भरा. 1 एप्रिल 2021 पासून त्या नोंदणीशिवाय कंपनी तुमच्यामार्फत सीएसआरचं काम करू शकत नाही.

कंपनी आपल्याच भागातली शोधा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम खर्च करावी लागते आणि त्यात कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही. पुढच्या वर्षाचा आराखडा ठरण्याआधी, दिवाळीच्या सुमारास भेटा.

आता खरं अवघड काम: आज किती ऊर्जा लागते याची नोंद. ‘फोटो चांगले जोडा, पर्यावरणावर दोन परिच्छेद लिहा’ असले सल्ले मनावर घेऊ नका. एका आरोग्य केंद्रासाठी आम्ही अर्जात ‘वर्षाला 3,000 लिटर डिझेल वाचेल’ असं अंदाजाने लिहिलं होतं. पाहणीला आलेल्या इंजिनिअरने काही न बोलता जनरेटरवरचा तासांचा मीटर वाचला, तासाला किती डिझेल जातं ते विचारलं आणि वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला. उत्तर निम्म्याहून कमी आलं. अर्ज परत आला आणि त्या केंद्राचं एक वर्ष वाया गेलं. ती चूक मला आजही टोचते.

म्हणून अर्जाला हात लावण्याआधी निदान महिनाभर वही ठेवा. जनरेटर किती वाजता सुरू झाला, किती वाजता बंद झाला, डिझेल किती भरलं, सगळं रोजच्या रोज लिहा. सोबत बारा महिन्यांची वीजबिलं लावा. मग हिशोब सोपा आहे: एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड. ग्रिडच्या, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनवरून येणाऱ्या, एका युनिटमागे साधारण 0.7 किलो. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, त्याहून जास्त लिहू नका. ‘इतकी झाडं लावल्यासारखं’ हे वाक्य तर मुळीच नको.

आणखी एक चूक मी वारंवार पाहतो. बॅटरी नसलेली साधी ऑन-ग्रिड (थेट ग्रिडला जोडलेली) सौर यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद पडते. म्हणजे भारनियमनात जनरेटर चालूच राहणार आणि डिझेलची बचत शून्य. डिझेल वाचवायचं असेल तर बॅटरी धरूनच खर्च मांडा, आणि ती काही वर्षांनी बदलावी लागेल तो पैसाही.

बाकी अंदाजपत्रक, जागेची संमती, तीन दरपत्रकं नेहमीसारखीच.

पहिला हप्ता जमा झाला की पॅनेलच्या आधी वेगळा मीटर बसवून घ्या आणि त्याचं पहिलं वाचन त्याच वहीत लिहा.