एच-इंडेक्स शेवटी बघा: गाइडची प्रकाशनयादी कशी वाचायची

पीएचडीला गाइड शोधणारी मुलं ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात माझ्याकडे येतात ती बहुतेकदा एच-इंडेक्सचा, म्हणजे पेपर किती आणि ते इतरांनी किती वेळा उद्धृत केले यावरून काढलेला, आकडा हातात घेऊनच. "मॅडम, या सरांचा एच-इंडेक्स ४२ आहे, त्या मॅडमचा ९. मग सरांकडेच जावं ना?" मी आधी विचारते, सर कुठल्या विभागातले आणि मॅडम कुठल्या? सर पेशीजीवशास्त्रातले आणि मॅडम गणितातल्या निघाल्या, तर दोन्ही आकडे शेजारी मांडण्यात अर्थच उरत नाही. गणित आणि जीवशास्त्र यांच्या सीमेवर काम करू पाहणाऱ्यांची इथेच हमखास फसगत होते. यादी वाचायची ती त्या विषयातली रीत माहीत करून घेऊन. मी कशी वाचते ते सांगते.

यादी एकाच माणसाची आहे ना, हे आधी बघा. आडनाव सर्रास आढळणारं आणि पुढे नुसती आद्याक्षरं असली की गूगल स्कॉलरवर दंतवैद्यकातला पेपर आणि मृदाशास्त्रातला पेपर एकाच खात्यावर सुखाने नांदतात. उलटही होतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचं निम्मं काम जुन्या नावावर राहून जातं आणि यादी उगाच तोकडी दिसते. संशोधकाची ओळख म्हणून ऑर्किड नावाचा १६ अंकी क्रमांक २०१२पासून मिळतो. नाव बदललं तरी तो बदलत नाही. प्रोफाइलवर तो दिला असेल तर तिथूनच सुरुवात करा.

मग नावांचा क्रम. नऊ लेखकांचा जीवशास्त्रातला पेपर घ्या. पहिलं नाव सहसा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याचं किंवा पोस्टडॉकचं (पीएचडीनंतर काही वर्षं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्याचं), शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. मधल्या सातांमध्ये कोणी नमुने दिले, कोणी सांख्यिकी केली, कोणी यंत्र चालवलं. तुमच्या संभाव्य गाइडचं नाव गेल्या चार-पाच वर्षांत शेवटी यायला लागलं असेल, तर त्यांची स्वतःची प्रयोगशाळा रुळली आहे. दहा पेपर आहेत पण दहाही ठिकाणी नाव पाचवं-सहावं, तर काम दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत चाललंय आणि ते तुम्हाला काय विषय देणार, हा प्रश्न विचारायला हवा. अलीकडे बऱ्याच जर्नल्समध्ये पेपरच्या शेवटी कोणी काय केलं याचा छोटा परिच्छेद असतो. त्यासाठी १४ भूमिकांची क्रेडिट नावाची प्रमाणित यादीही आहे. तो परिच्छेद कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा.

हेच तर्कशास्त्र गणिताला लावलंत की घोटाळा झालाच. तिथे नावं वर्णानुक्रमे. अर्थशास्त्रातही बव्हंशी तसंच. शेवटचं नाव म्हणजे फक्त आडनावाचं आद्याक्षर मागचं. कणभौतिकीत तर क्रम बघणंच सोडून द्या: २०१५ साली अॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर जो पेपर काढला, त्याला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी संशोधन संदर्भांसकट ९ पानांत, उरलेली २४ पानं लेखक आणि त्यांच्या संस्था. अशा क्षेत्रात तुमचे गाइड नेमकं काय करतात, शोधक यंत्राचा कुठला भाग किंवा विश्लेषणाचा कुठला टप्पा, हे त्यांनाच विचारावं लागतं. (सहलेखकांचा विषय निघालाच आहे तर: १९७५ साली जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने लिहिलेल्या पेपरात सगळीकडे 'आम्ही' टाइप केलं होतं. एकट्या लेखकाने 'आम्ही' लिहिलेलं जर्नलला चालणार नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं. टाइपरायटरवर सगळं पुन्हा बडवण्यापेक्षा त्याने आपल्या मांजराला एफ. डी. सी. विलर्ड या नावाने सहलेखक केलं. पेपर छापूनही आला.)

पेपर कुठे छापलाय, हे पुढचं. संगणकशास्त्रात मान कॉन्फरन्सला आहे. न्यूरिप्ससारख्या (मशीन लर्निंगच्या मोठ्या कॉन्फरन्ससारख्या) ठिकाणी पूर्ण पेपर समीक्षकांकडे जातो आणि साधारण चारांतला एकच स्वीकारला जातो. तेव्हा 'नुसते कॉन्फरन्स पेपर' म्हणून नाक मुरडू नका. इतर बऱ्याच शाखांत मात्र कॉन्फरन्स म्हणजे अर्ध्या पानाचा सारांश पाठवून पंधरा मिनिटं बोलायचं. यादी फुगवायला हा माल फार उपयोगी पडतो. भौतिकीत १९९१पासून अर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर पेपर आधी चढवायची पद्धत आहे, म्हणून तिथली ताजी कामं जर्नलआधी तिथेच दिसतील. जीवशास्त्राचं बायोअर्काइव्ह २०१३ साली आलं.

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञानात मोजमाप ग्रंथाचं. एकटा माणूस दप्तरखान्यात बसून, दोन-तीन लिप्या शिकून, सात-आठ वर्षांनी एक पुस्तक काढतो. पुस्तकांतली उद्धरणं सायटेशनच्या डेटाबेसमध्ये धड पकडली जात नाहीत, म्हणून या लोकांचा एच-इंडेक्स केविलवाणा दिसतो. इथे पुस्तकाची परीक्षणं शोधा. त्याच विषयातल्या माणसाने, मतभेद नोंदवत, दोन-तीन पानं खर्च करून लिहिलेलं एक परीक्षण शंभर सायटेशनपेक्षा जास्त सांगतं. आणि पुस्तक कोणी छापलंय? समीक्षकांकडे हस्तलिखित पाठवणारा प्रकाशक, की पैसे भरले की महिन्यात पुस्तक काढून देणारा?

आता आकडा. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली एच-इंडेक्स मांडला. एच २० म्हणजे तुमचे किमान २० पेपर प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत झालेत. हर्शने त्याच लेखात नोंदवलं होतं की जीवविज्ञानातले आकडे भौतिकीपेक्षा चढे असतात. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही, माणसाने काम थांबवलं तरी. म्हणजे पंचावन्न वर्षांचे सर आणि पस्तिशीतल्या मॅडम यांची तुलना विभाग एकच असला तरी लंगडी. एकाच उपशाखेतले, एकाच वयाचे दोघे असतील तर बघा, नाहीतर सोडा.

यादीत मोकळी वर्षं दिसली की मुलं बिचकतात. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्सने १९८६पासून सात वर्षं फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर जवळजवळ गुपचूप काम केलं, १९९३ साली जाहीर केलं, त्यात उणीव निघाली, १९९४ साली रिचर्ड टेलरच्या मदतीने ती भरली आणि १९९५ साली छापलं. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्जने १९६४नंतर दहापेक्षाही कमी पेपर लिहिले आणि २०१३ साली नोबेल घेतलं. ही टोकाची उदाहरणं, मान्य. साधी कारणं जास्त असतात: बाळंतपण, विभागप्रमुखपद, नवी प्रयोगशाळा उभारणं. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की गेल्या तीन वर्षांत काम चालू आहे का.

मागे घेतलेला पेपर दिसला तरी लगेच पळ काढू नका. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्ये नाव टाका आणि कारण वाचा. फ्रान्सिस आर्नोल्ड यांनी २०१८ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळाल्यानंतर, २०२०च्या जानेवारीत स्वतःचा पेपर मागे घेतला आणि निकाल पुन्हा मिळत नाहीत हे जाहीर सांगून माफी मागितली. अशा बाईंकडे मी डोळे मिटून विद्यार्थी पाठवीन. चित्रांत फेरफार केल्याबद्दल दोन-तीन पेपर गेले असतील, तर मात्र दुसरं दार बघा.

आणि माझी सगळ्यांत आवडती जागा: जुन्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतलं कृतज्ञतेचं पान. गाइडच्या हाताखालचे पाच-सहा प्रबंध काढून घ्या आणि ती पानं एकापाठोपाठ वाचा. 'आदरणीय सरांच्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल' सगळेच लिहितात, ते वगळा. कोणी लिहिलंय का, की बाईंनी तिसरं प्रकरण चारदा परत पाठवलं? की प्रयोग फसत होते तेव्हा सर शनिवारी येऊन यंत्राशी बसले? असा एक तपशील सापडला तरी माणूस कळतो. गाइडचे आभार एका ओळीत आणि प्रयोगशाळेतल्या सीनियरचे अर्धं पान, तर प्रत्यक्ष शिकवतं कोण, हेही कळतं. नोंदणीची आणि सादरीकरणाची तारीख दिली असेल तर किती वर्षं लागली ते पाहा. मग त्याच विद्यार्थ्यांची नावं गाइडच्या पेपरांत शोधा. प्रयोगशाळेच्या विषयात प्रबंधाच्या कामावर विद्यार्थ्याचं नाव पहिलं नसेल, तर कान टवकारा. इतिहासात उलट: विद्यार्थ्याच्या लेखावर गाइडचं नाव असेल तर का, ते विचारा.

एवढं झालं की त्यांचा एक अलीकडचा पेपर किंवा पुस्तकातलं एक प्रकरण अथपासून इतिपर्यंत वाचा आणि मगच ईमेल लिहा. ईमेल आठ-दहा ओळींची. काय वाचलं, त्यातला कुठला प्रश्न तुम्हाला पुढे न्यावासा वाटतो, तुम्हाला काय येतं. 'आपल्या थोर कार्याने प्रभावित होऊन' हे वाक्य काढून टाका, ते शंभर जणांना गेलेलं असतं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यालाही वेगळं लिहा आणि सरळ विचारा: भेट किती दिवसांनी मिळते, लिहिलेलं किती दिवसांत वाचून मिळतं? फोनवर बोलू म्हणाले तर फोनच करा. लेखी न सांगता येणारं तिथे सांगतात.