कीट्सची सुगी कशी वाचावी

बारावीच्या वर्गात इंग्रज कवी जॉन कीट्सची ‘टू ऑटम’ ही कविता शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर ‘शरद ऋतू’ लिहून मोकळी व्हायची. मुलांच्या डोळ्यांपुढे कोजागरी, टिपूर चांदणं, मसाला दूध. कवितेत यातलं काहीच नाही. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ही तर सुगी आहे.” तिच्या घरी ज्वारी, माझ्या माहेरी ज्वारी, आणि हा शब्द मला सुचू नये!

तेव्हा पहिलं काम हे: ‘शरद’ पुसा, ‘सुगी’ लिहा आणि कविता मोठ्यानं वाचा. अर्थ नाही लागला तरी चालेल. तीनच कडवी आहेत, प्रत्येकी अकरा ओळींची.

मग पेन्सिल घेऊन पहिल्या कडव्यातली क्रियापदं शोधा. वेलींना फळांनी लादणं, सफरचंदांनी झाडं वाकवणं, भोपळा फुगवणं, मधमाश्यांसाठी अजून फुलं उमलवणं. अकरा ओळी संपतात, पण मुख्य वाक्य पुरं करणारं क्रियापद येतच नाही. ऋतू नुसता भरत राहतो, पोळ्यातून मध उतू जातो, आणि वाक्याला थांबायला जागा मिळत नाही. व्याकरणाचा हा कंटाळवाणा तास इथं टाळू नका. कवितेचा निम्मा गोडवा त्यातच आहे.

दुसऱ्या कडव्यात ही सुगी माणूस होऊन येते. इथं शब्दकोशापेक्षा आजीचे शब्द जास्त कामाला येतात. कोठाराच्या जमिनीवर ती निवांत बसलीय आणि उपणणीच्या वाऱ्यानं तिचे केस हलके उडतायत. अर्ध्या कापलेल्या तासात तिला झोप लागलीय, विळा बाजूला, पुढची पात फुलांसकट तशीच उभी. मग सरवा वेचून परतणारी बाई, डोक्यावर ओझं, मान ताठ, ओढा ओलांडतेय. शेवटी सफरचंदं पिळायच्या घाण्याशी बसून ती रसाचे अखेरचे थेंब तासन्‌तास बघतेय. गुऱ्हाळ पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. अडलात तर बालकवींचा ‘औदुंबर’ आठवा: तिथंही झाड पाय पाण्यात सोडून बसतं आणि कवी स्वतः बाजूला राहतो.

कवी बाजूला राहतो, हे कीट्सच्या कवितेतही तपासून बघा. तेहतीस ओळींत ‘मी’ शोधा. नाही सापडणार. रोमँटिक कविता म्हणजे कवीचे उसासे, अशी आपली समजूत असते. या कवितेपाशी ती गळून पडते.

आता चरित्राबद्दल. कीट्स २३ फेब्रुवारी १८२१ला रोममध्ये क्षयानं गेला, वय २५. हे एकदा कळलं की प्रत्येक ओळीत मरण दिसायला लागतं. म्हणून पहिल्या दोन वाचनांत हे विसरा. त्याऐवजी एवढंच लक्षात ठेवा: १९ सप्टेंबर १८१९, रविवार, इंग्लंडमधलं विंचेस्टर गाव. तो फिरायला गेला आणि फिरून आल्यावर ही कविता लिहिली. दोन दिवसांनी मित्राला पत्रात लिहिलं की कापणी झालेलं रान वसंतातल्या गार हिरवाईपेक्षा त्याला जास्त आवडलं, कारण ते उबदार दिसतं. काढणी उरकल्यावर संध्याकाळी बांधावर उभे राहिला असाल तर तो रंग तुम्ही पाहिलेला आहे. तोच रंग तिसऱ्या कडव्यात येतो: मावळतीची गुलाबी झाक, खाली नुसती धसकटं.

अंत्ययमकाकडेही एकदा बघा. कीट्सनंच त्याच वर्षी लिहिलेल्या ‘ओड टू अ नाइटिंगेल’ या कवितेची कडवी दहा ओळींची, इथं एक ओळ जास्त. नववी-दहावी ओळ एकमेकींशी जुळतात, कान म्हणतो ‘संपलं’, आणि तेवढ्यात अकरावी ओळ येते. सुगी जरा रेंगाळते ती अशी.

तिसरं कडवं शक्यतो दिवेलागणीला, बाहेर बसून वाचा. वसंताची गाणी कुठं गेली, असा प्रश्न येतो आणि त्यावर कवी म्हणतो, असू दे, तुझंही संगीत आहेच. पुढं सगळं कानाचं काम. नदीकाठी चिलटांचा रडका सूर. टेकडीवरून कोकरांची बें-बें, आणि कोकरं म्हणायची तर ती आता पुरती वाढलेली. कुंपणातले नाकतोडे. बागेतून रॉबिन पक्ष्याची शीळ. शेवटच्या ओळीत आभाळात पाकोळ्या गोळा होतायत. त्या कुठं निघाल्यात हे कवी सांगत नाही. तुम्हीही वहीत लिहू नका.