कोअर फ्लडिंगसाठी पाणी घेताना या चुका टाळा

कोअर फ्लडिंग म्हणजे तेलाच्या साठ्यातल्या दगडाच्या नळकांडीसारख्या तुकड्यातून (कोअर) पाणी सोडून किती तेल सुटतं ते बघायची लॅब टेस्ट. आता बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र १९७४ ला सापडलं, मुंबईपासून समुद्रात साधारण १६० किमी, आणि तिथला मुख्य साठा चुनखडीत. हे आधी सांगतोय कारण निम्म्या चुका दगड कुठला हे न बघितल्यामुळेच होतात.

पण सगळ्यात कॉमन चूक म्हणजे जवळच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणायचा. आम्हीपण केलीय, ऑगस्टमध्ये, धरमतर खाडीच्या तोंडाशी, पाऊस धो धो, पाणी गढूळ आणि मचूळ, तरी वहीत "समुद्राचं पाणी" लिहून मोकळे. उघड्या समुद्रात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, त्यात सल्फेट पावणेतीन ग्रॅमच्या जवळपास, पावसाळी खाडीत हे सगळं पातळ झालेलं. मे महिन्यात तीच टेस्ट परत केली तर तेलाचे आकडे भलतेच, आणि आम्ही बिचाऱ्या पंपाला शिव्या घालत बसलो. तेव्हा डिस्टिल्ड वॉटरमध्ये क्षार वजन करून मिसळा, गाळा, मगच सोडा.

दुसरं, "पाणी जेवढं गोडं तेवढं तेल जास्त" हे कुठेतरी वाचून चुनखडीवर लावायचं. ते मुख्यतः वाळूच्या दगडाचं, तिथे चिकणमातीला तेल कॅल्शियमच्या पुलाने धरलेलं असतं आणि खारटपणा कमी झाला की पकड सुटते. पण फारच गोडं सोडलंत तर तीच माती फुगते, सुटते, बारीक छिद्रांत अडकते, प्रेशर चढायला लागलं की समजा झालं. चुनखडीत गणित वेगळं, तिथे सल्फेट दगडाला चिकटून त्याचा धन भार कमी करतं, मग कॅल्शियम जवळ येऊन तेलातली आम्लं सोडवतं, आणि हे गरम असतानाच नीट चालतं. खोलीच्या तापमानाला टेस्ट करून "स्मार्ट वॉटर फेल" (स्मार्ट वॉटर म्हणजे तेल सुटावं म्हणून क्षार मुद्दाम बदललेलं पाणी) म्हणू नका राव.

फरकच दिसत नसेल तर कोअर बघा. धुऊन सुकवलेला कोअर क्रूडमध्ये गरम ठेवून काही आठवडे मुरवला नाही तर त्याला तेल चिकटलेलंच नसतं, सुटणार काय?

सल्फेटचे लाड पण बेताने, साठ्यातल्या पाण्यात बेरियम असेल तर पांढरा साका बसतो जो ॲसिडलाही दाद देत नाही, शिवाय सल्फेटवर जगणारे बॅक्टेरिया सडक्या अंड्याचा वास काढतात तो वेगळाच. सोडायचं पाणी आणि साठ्यातलं पाणी आधी बाटलीत मिसळून रात्रभर गरम ठेवा, तळाशी काही दिसलं तर कोअरला हात लावू नका.